पंचाहत्तर किलोंचा माणूस

निःपक्षपातीपणा ही माझ्या धंद्याची पहिली आणि शेवटची अट होती. स्की कोणी बनवली, किती जीव ओतून बनवली, तिच्यावर कोणाचं पोट चालतं, यातलं काहीही परीक्षकाच्या मनात येता कामा नये. त्याच्या मनात फक्त बर्फ, लाकूड आणि वजन असावं. ही वाक्यं मी बारा हिवाळे नव्या परीक्षकांना ऐकवली. त्यातल्या बर्फाबद्दल आणि लाकडाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘माझं काम’ या विषयावर लिहा, असा संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, डॉक्टरांकडे मागा, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांचे सात लेख आलेत. सातही लेखांत पहिल्याच ड्यूटीला पेशंट वाचलाय. तुम्ही जरा वेगळं द्या.” माझ्या लेखात कोणी वाचत नाही आणि कोणी मरत नाही. एक वर्कशॉप मात्र मरता मरता राहिलं, आणि त्याला मारायला निघालेला माणूस मी होतो.

मी मूळचा पुण्याचा, स्प्रिंगा तपासणारा इंजिनीयर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बायकोला, विद्याला, एडिनबराच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली आणि तिच्या सामानाबरोबर मी आलो. वर्षभरानं मलाही एका टेस्टिंग लॅबमध्ये काम मिळालं. गिर्यारोहणाचे दोर, कड्या, पट्टे ओढायचे, वाकवायचे, तोडायचे आणि कितव्या झटक्याला तुटले ते लिहायचं. डोंगरावर फिरणाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका छोट्या मासिकाचा संपादक गॉर्डन एकदा मोडलेली स्की घेऊन तिथे आला. ती का मोडली यावर मी त्याला दीड पान लिहून दिलं. ते वाचून तो म्हणाला, “आमच्या स्की करणाऱ्यांना लिहिता येत नाही, आणि लिहिणाऱ्यांना स्की करता येत नाही. तुला निदान एक तरी येतं.” दुसरं मी शहराच्या दक्षिणेच्या टेकडीवर, ब्रशच्या केसांसारख्या प्लास्टिकच्या उतारावर शिकलो. दोन हिवाळे माझ्या कोपरांना कातडी नव्हती. तिसऱ्या हिवाळ्यापासून मी त्याच्या मासिकासाठी नव्या स्की तपासायला लागलो.

आता धंदा थोडक्यात सांगतो. टीव्हीवर दिसतात त्या स्कीमध्ये बूट टाचेपर्यंत जखडलेला असतो. त्यांना वर न्यायला यंत्र लागतं. टेलिमार्क पद्धतीत टाच मोकळी असते. त्यामुळे डोंगर स्वतःच्या पायांनी चढता येतो आणि उतरताना एक पाय पुढे, दुसरा गुडघ्यात वाकवून मागे, असं वळण घेतात. वज्रासनात बसायला निघालेल्या माणसाचा विचार अर्ध्यात बदलावा, तसं ते दिसतं. चढणीला लागते ती स्की वेगळी, सपाटीला वेगळी, उताराला वेगळी. पण तीन जोड्या पाठीवर घेऊन कोणी फिरत नाही. म्हणून दरवर्षी कोणीतरी ‘सर्व कामांना एकच’ अशी स्की काढायचं. त्यांची माहितीपत्रकं वाचताना मला आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिराती आठवत. गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी, गाणं येणारी. असं सगळं एकीतच असतं तेव्हा काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं, आणि ते शोधून काढणं हे माझं काम.

सगळी मेख कमानीत असते. स्की जमिनीवर ठेवली की मधोमध किंचित उचललेली दिसते. मधल्या भागाला खालून माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असते. चढताना सगळा भार एका पायावर दिला की कमान चेपते, खवले बर्फाला टेकतात आणि पाय मागे घसरत नाही. घसरत जाताना भार दोन्ही पायांवर वाटला की कमान उचलते आणि खवले अडवत नाहीत. तपासायची रीत अगदी साधी. फरशीवर स्की घालून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं तळव्याखाली, स्की आणि फरशीच्या मधून, कागद सरकवायचा. दोन्ही पायांवर उभं असताना कागद सरकला पाहिजे, एका पायावर आलं की तो अडकला पाहिजे. कमान फार ताठ असेल तर कागद अडकत नाही, आणि डोंगरावर माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा चढतो.

उघड आहे की हे माणसाच्या वजनावर अवलंबून असतं. म्हणून आम्ही एक प्रमाण माणूस ठरवला होता, पाठीवरच्या सॅकसकट पंचाहत्तर किलोंचा. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं, तो कधी आजारी पडत नसे. तो मी होतो. माझं वजन तेव्हा एकोणसाठ, म्हणजे सॅक सोळा किलोंची हवी. चार किलो कपडे, थर्मास वगैरे, उरलेले बारा किलो भरायचे कशानं? गॉर्डन म्हणाला दगड. दगडांनी पाठ सोलून निघते. लोखंडी वजनं एका जागी बसत नाहीत. लंडनच्या एजवेअर भागात माझा मेहुणा राहतो, त्याच्याकडे गेलो की आम्ही वर्षाची डाळ गाडीतून आणत असू. तिथल्या दुकानात हरभऱ्याची डाळ दोन-दोन किलोंच्या बंद पाकिटांत मिळे. सहा पाकिटं, बरोबर बारा किलो, पाठीला मऊ, वजन छापलेलं. ब्रिटनमधल्या स्कींचं मूल्यमापन काही वर्षं हरभऱ्याच्या डाळीवर झालं, हे वाचकांना आम्ही कळवलं नाही. ‘प्रमाणित भार’ असं छापत असू.

वाचकही मासलेवाईक होते. एका निवृत्त मुख्याध्यापकांना चर्चला जाण्यायोग्य स्की हवी होती. मी विचारलं, रस्त्यात चढ किती आहे? त्यांनी कळवलं, चढ नाही आणि बहुतेक वर्षी बर्फही नसतो, पण तयारी असावी. केंब्रिजहून एका संशोधकानं कमानीवर अकरा पानं गणित पाठवलं. निष्कर्ष असा की सर्व कामांना योग्य अशी स्की असूच शकत नाही. गणित बरोबर होतं. पुढच्या पत्रात त्यानं विचारलं, तर मग मी कोणती घेऊ?

ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे त्या वर्षी चार स्की आल्या. तीन परदेशी, मोठ्या कारखान्यांच्या. चौथी इशबेल नावाच्या बाईची. ही उत्तरेला एका खाडीकाठी बोटी बांधायची. बोटींचं काम कमी झालं तसं तिनं दोन माणसं हाताशी धरून ॲश नावाच्या इथल्या झाडाच्या लाकडाची स्की करायला घेतली. एकच नमुना, सर्व कामांना एक. तिच्या पार्सलात चिठ्ठी होती. नियमाप्रमाणे परीक्षकानं ती वाचायची नाही. गॉर्डननं ती गाडीत मला मोठ्यानं वाचून दाखवली. “दुकानदार वसंतात मागणी नोंदवतात, आणि त्याआधी तुमचं मासिक वाचतात. यंदा मागणी आली नाही तर मी वर्कशॉप बंद करणार आहे. हे तुम्हाला अडचणीत टाकण्यासाठी लिहीत नाही, निकाल लवकर छापा एवढंच म्हणणं आहे.”

“वाचायला नको होतंस तू,” मी म्हटलं.

“मग कान बंद करायचे होतेस,” गॉर्डन म्हणाला.

मासिकाच्या ऑफिसात चारही स्कींची कागदाची परीक्षा झाली. मी सॅक घालून उभा, गॉर्डन पोटावर आडवा. इशबेलच्या स्कीखाली कागद सरकायचा तेव्हा सरकला आणि अडकायचा तेव्हा असा अडकला की फाटला. पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही केर्नगॉर्मच्या डोंगरांत दोन परदेशी जोड्या तपासल्या. तपासणी म्हणजे ठरलेल्या घळीतून चढायचं, शंभर पावलांत पाय किती वेळा घसरला ते मोजायचं, मग उतरताना ठरलेली वळणं. स्कॉटलंडमध्ये बर्फ पडत नाही, आडवा जातो. त्यामुळे वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि पेन्सिल दातांत.

मधल्या आठवड्यात होळी झाली. मंडळाच्या वीस कुटुंबांचं जेवण होतं. मी घरी पहिल्या दोन स्कींचा अहवाल लिहीत बसलो होतो.

दुसऱ्या शनिवारी सकाळी आमची अकरा वर्षांची सई सॅक दारापर्यंत ओढत घेऊन आली. “बाबा, बॅग एकदम लाइट झालाय.”

“झालीय,” मी म्हटलं. “बॅग स्त्रीलिंगी.”

“ओके. झालीय.”

मी सॅक पाठीला लावली आणि खरोखरच हलकी वाटली. दोन महिने मी ऑफिसला चालत जात होतो. त्या दिवशीच्या वहीत, हवा आणि बर्फाच्या नोंदीखाली, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘पाठ हलकी वाटते. दम वाढला आहे.’

त्या दिवशी इशबेलची स्की घळीत शंभर पावलांत एकतीस वेळा घसरली. उतरताना ती वाकेना. मी गुडघा टेकवी आणि ती आपल्या मर्जीनं सरळ जाई. गॉर्डन त्याच स्कीच्या दुसऱ्या जोडीवर माझ्यापुढे मजेत चढत होता आणि वळताना ओरडत होता, “झकास आहे ही!” पण गॉर्डन पंचाण्णव किलोंचा, आणि त्याला प्रत्येक स्की झकास वाटे. तो मत देई, मी मोजमाप देई. रविवारी चौथी, म्हणजे तिसरी परदेशी स्की, तीही घसरली. पण ती मुळातच मऊ होती, त्यामुळे बेतानं घसरली.

कागदाची परीक्षा एक सांगते आणि डोंगर दुसरंच, हे मला दिसत होतं. तेव्हा मी काय केलं? एक वाक्य लिहिलं. ‘प्रयोगशाळा आणि पर्वत यांचं नेहमी एकमत होत नाही, आणि अशा वेळी आम्ही पर्वतावर विश्वास ठेवतो.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की त्याच्यापुढे विचार करायचं मी थांबवलं. इशबेलची स्की चौथी आली. ‘दिसायला सुंदर, चढाला अविश्वासू, वळायला हट्टी.’ मासिक छापून गेलं.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई, काखेत स्कीची जोडी. बोटांना सगळीकडे बारीक पांढरे ओरखडे.

“विनायक? मी इशबेल. गॉर्डननं पत्ता दिला. भांडायला आले नाहीये.”

मी तिला आत घेतलं. ती बसली नाही.

“दोन दुकानांनी मागणी मागे घेतली,” ती म्हणाली. “ते ठीक आहे. पण मी ही स्की पंचाहत्तर किलोंसाठी बांधली आहे, आणि तुम्ही पंचाहत्तर किलोंना ती ताठ आहे म्हणता. आपल्यातला एक जण चुकतोय. मी असेन तर कुठे चुकले ते मला बघायचंय. त्याशिवाय बंद करणार नाही.”

मला ते पटलं. निःपक्षपाती माणसाला अशा मागण्या पटतातच. मी बूट चढवले आणि जिन्याखालच्या कपाटातून सॅक काढून पाठीला लावली. परीक्षण संपल्यापासून ती तशीच पडून होती. पुढच्या खोलीत गालिचा गुंडाळला आणि स्कीवर उभा राहिलो. इशबेल गुडघ्यांवर बसली आणि तिनं गॅसचं बिल माझ्या तळव्याखालून सरकवलं. दोन्ही पायांवर, सरकलं. मी एका पायावर आलो. तरीही सरकलं. तिनं ते दोनदा इकडून तिकडे नेलं.

“बघा,” मी म्हटलं. मला वाईट वाटत होतं, पण ‘बघा’ म्हणताना जरा बरंही वाटलं.

मग वर बघून तिनं विचारलं, “बॅगेत काय आहे?”

“प्रमाणित भार.”

“म्हणजे काय आहे?”

मी सॅक उघडली. वर तीन पाकिटं हरभऱ्याची डाळ. त्याखाली, नीट दाबून बसवलेली, तीन पाकिटं पोहे. अर्ध्या अर्ध्या किलोची. इशबेलनं सॅक उचलली, बाथरूम कुठे आहे विचारलं, आणि तिथल्या काट्यावर ठेवली. साडेअकरा. सोळाऐवजी साडेअकरा.

तेवढ्यात विद्या ड्यूटीवरून आली. दारात अनोळखी बूट, गालिचा गुंडाळलेला, बाथरूमच्या काट्यावर सॅक आणि नवरा स्कीवर.

“विद्या,” मी मराठीत विचारलं, “ही डाळ कुठे गेली?”

“कुठली? सहा किलो? होळीला पुरण नाही का केलं? सगळी डाळ तुमच्या बॅगेतच होती.”

“मला न विचारता?”

“अहो, विचारलं होतं की. तुम्ही लिहीत होतात. ‘हं’ म्हणालात.”

“आणि पोहे?”

“बॅग खपाटीला गेलेली दिसायला लागली. म्हणून भरले. साडेचार किलोंनी काय होतंय एवढं?”

“तू भूल देतेस तेव्हा पेशंटचं वजन विचारतेस ना?”

“विचारते,” विद्या कोट काढत म्हणाली, “पण पेशंटमधनं पुरण काढत नाही. या कोण?”

मी इशबेलला सगळं इंग्रजीत सांगितलं. पुरणपोळी म्हणजे काय तेही सांगितलं, कारण तिनं विचारलं. वहीतली दम वाढल्याची नोंद मात्र सांगितली नाही. ऐकून घेऊन तिनं पहिला प्रश्न विद्याला विचारला, “पुरली का सगळ्यांना?”

“उरली,” विद्या म्हणाली.

इशबेल हसली. आवाज मोठा होता, पण हसताना तिनं स्कीचं टोक हातातून सोडलं नव्हतं. मग विद्यानं सॅकमधल्या एका पाकिटाचे कांदेपोहे केले आणि परीक्षणात भाग घेतलेले ते पोहे आम्ही तिघांनी खाल्ले.

गॉर्डनला फोन केला. तो म्हणाला, “आपण ‘तांत्रिक तफावत’ असं छापू.”

“डाळ छाप,” मी म्हटलं.

“मासिकाची इज्जत?”

“तिचं वर्कशॉप बंद होतंय, गॉर्डन.”

शेवटी तडजोड झाली. ‘भारातील त्रुटीमुळे’ असं छापायचं, पण पुन्हा चाचणी करून, पान अर्धं द्यायचं आणि लगेच. डाळ कायमची बाद. नवा भार मी स्वतः केला. पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावरची वाळू घरी आणून ओव्हनमध्ये वाळवली. विद्यानं ऑपरेशन थिएटरच्या जुन्या हिरव्या सुती कापडाच्या सहा पिशव्या शिवल्या. दोन-दोन किलो तोलून भरल्यावर तिनं तोंडं अशी टाके घालून बंद केली की उसवायला सर्जन लागला असता. वाळू कोणी खात नाही. प्रत्येक पिशवीवर मी तारीख आणि सही घातली. आमच्या इतिहासातला तो सर्वांत काटेकोर भार होता.

एप्रिलअखेर होती. तळाशी हेदरची झुडपं उघडी पडली होती, पण आमच्या घळीत बर्फ शिल्लक होता. सकाळपासून पाऊस होता, म्हणजे हवा नेहमीचीच. इशबेलला यायला नियमानं बंदी, म्हणून ती खाली कार पार्कमध्ये तिच्या व्हॅनमध्ये बसून राहिली. दिवसभर मी तिच्या स्कीवर त्याच घळीतून चार वेळा चढलो. शंभर पावलांत तीन, दोन, दोन आणि शेवटी एकदाही नाही. उतरताना मी गुडघा वाकवायचा विचार केला की ती आधीच वळलेली असे. संध्याकाळी भिजून खाली आलो तेव्हा मला पाय उचलवत नव्हते. इशबेल व्हॅनमधून उतरली, माझ्या पाठीवरची सॅक काढून घेतली आणि चेहऱ्याकडे बघितलं. नियम होता, पण मी मान हलवली. तिनं सॅक आमच्या गाडीत नेऊन ठेवली आणि स्की पुसायला घेतली.

दुरुस्ती अर्ध्या पानावर आली. चौथीची पहिली झाली. मागे गेलेल्या दोन दुकानांच्या मागण्या परत आल्या, शिवाय आणखी काही. इशबेलनं पुढे बरीच वर्षं तीच एक स्की बांधली, माणसं दोनाची पाच झाली. दर होळीला तिच्याकडून कार्ड येई, ‘पुरली का?’ एवढंच. चूक मान्य करणारा परीक्षक म्हणून माझंही नाव झालं. नव्या परीक्षकांना मी निःपक्षपातीपणावरची वाक्यं ऐकवायला लागलो तो त्यानंतरच.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला लॅबमध्ये नवीन तराजू आला. तो लावून बघायला वजन हवं होतं म्हणून मी आदल्याच दिवशी डोंगरावरून आणलेल्या माझ्या हिरव्या पिशव्या त्यावर ठेवल्या. वाळू पाणी धरते. सहा पिशव्यांचं वजन बारा किलो नव्हतं, पावणेपंधरा होतं. मग मी ती जुनी वही काढली. पुन्हा केलेल्या चाचणीच्या पानावर हवेसमोर लिहिलं होतं: ‘दिवसभर पाऊस.’

म्हणजे पहिल्या निकालाच्या वेळी प्रमाण माणूस साडेचार किलोंनी कमी होता, आणि दुसऱ्या निकालाच्या वेळी पावणेतीन किलोंनी जास्त. पंचाहत्तर किलोंचा माणूस त्या स्कीवर डोंगर कधी चढलाच नाही. हे मी गॉर्डनला सांगितलं नाही. इशबेलला पत्र लिहायला घेतलं होतं, पूर्ण केलं नाही. तिनं आयुष्याची तीस वर्षं समुद्राकाठच्या ओल्या वाळूत बोटी बांधण्यात घालवली होती, आणि त्या संध्याकाळी सॅक गाडीपर्यंत तिनंच उचलून नेली होती.